साडेसहाची गाडी

हजेरी घेणे हे प्राध्यापकाच्या व्यवसायातले सर्वांत निरुपद्रवी काम, असे मी कित्येक वर्षे समजत आलो. आकडा पुकारावा, 'हजर' असा आवाज आला की टिंब द्यावे, आला नाही की फुली मारावी आणि पट मिटून व्याख्यानाला लागावे. यात कोणाचे काही बिघडेल, अशी शंकादेखील मनाला कधी शिवली नव्हती. पण गेल्या वर्षीच्या माझ्या पटात एक ओळ अशी आहे की, ती पाहिली म्हणजे मला आपल्याच हस्ताक्षराची लाज वाटते. ती ओळ कशी उमटली, त्याचीच हकीकत यंदाच्या दिवाळी अंकासाठी लिहायला घेतली आहे. हकीकत एका मुलीची आहे, तशीच ती एका गाडीचीही आहे. आणि मला वाटते, वाचकहो, त्या गाडीची वाट तुम्हीही केव्हा ना केव्हा पाहिली असेल.

आमचे महाविद्यालय पौडच्या अलीकडे, रस्त्याला लागून आहे. पहिला तास आठाला सुरू होतो आणि तो बहुधा मराठीचा असतो. मराठीच पहिली का, हे कोडे मी एकदा वेळापत्रक करणाऱ्या सहकाऱ्यांना घातले होते. 'अहो सर, तुमचा विषय अर्धवट झोपेतही कळतो,' असा त्यांनी खुलासा केला. या अर्धवट झोपेच्या तासाला, दुसऱ्या वर्षाच्या वर्गात, ताम्हिणीकडची एक मुलगी होती. वहीत समास सोडून नीटस अक्षरात लिहिणारी, विचारले तरच बोलणारी, पण बोलली म्हणजे नेमके बोलणारी. जुलै महिन्यात ती आठवड्यातून दोनतीनदा उशिरा येऊ लागली. आठ वाजून वीस मिनिटे, पंचवीस मिनिटे. अंगावरचा रेनकोट दाराशी निथळत ठेवायची आणि मागच्या बाकावर जाऊन बसायची.

एक दिवस मी तिला अडवले. 'का गं, आज पुन्हा उशीर?'

'सर, गाडी उशिरा आली.'

'तुझी गाडी रोजच उशिरा येते. मग आधीच्या गाडीने येत जा!'

वर्ग हसला. हसण्यासारखे मी काही बोललो आहे, याचा मलाही थोडा आनंद झाला. ती खाली मान घालून म्हणाली, 'आधीची गाडी नाहीये, सर.' आणि जागेवर जाऊन बसली. ऑगस्टच्या मध्यापासून तिचे येणे बंद झाले. मी इमाने इतबारे फुल्या मारीत गेलो. सत्राच्या अखेरीस पंचाहत्तर टक्के हजेरी न भरणाऱ्यांची यादी फळ्यावर लागली, तीत तिचा आकडा होता. यादीखाली सही माझी होती.

ती गाडी कोणाची, हे मी लिहिणार नाही. एक तर दिवाळीच्या अंकात कोणाची उणीदुणी काढू नयेत. शिवाय हे दुखणे काही एका गाडीचे किंवा एका रस्त्याचे नाही. माझ्या अंगावर ते डिसेंबरात आले, इतकेच. राष्ट्रीय सेवा योजनेचे आमचे हिवाळी शिबिर त्या साली ताम्हिणीच्या अंगाला होते. सात दिवस मुक्काम. मुले बंधारा घालीत होती, आणि पहाटे जाग येणाऱ्या वयाला मी पोचलो असल्यामुळे मी रोज सकाळी फिरत फिरत गाडीच्या थांब्यापर्यंत जात होतो.

ताम्हिणी म्हटले की पुण्यामुंबईच्या माणसाला धबधबे आठवतात. पुण्याहून निघाले की पौड, मग मुळशीचे धरण, मग जलाशयाच्या कडेकडेने वळणे घेत जाणारा रस्ता आणि शेवटी घाट उतरून खाली कोकणात विळे, निजामपूर, माणगाव. पाऊस असा की, २५ जुलै २०२४ च्या सुमारास एकाच चोवीस तासांत तिथे ५५६ मिलिमीटर पडला. पुणे शहरात साऱ्या वर्षात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आकड्याचा अर्थ कळतो. अशा दिवशी घाटात दरड येते, रस्ता बंद होतो, आणि त्याबद्दल कोणत्याही चालकाला दोष देणे म्हणजे ढगाला दटावण्यासारखेच आहे. शनिवार-रविवारी पाऊस पाहायला येणाऱ्या मोटारींची रांग लागते आणि गाडी त्या रांगेत अडकते. आम्ही पावसात भिजायला जातो. आमच्यामुळे थांब्यावरचा माणूसही भिजत राहतो, हे आमच्या गावीही नसते.

आणि रस्ता वळणावळणाचा का, यालाही इतिहास आहे. मुळशीचा सत्याग्रह १९२१ साली याच खोऱ्यात झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी या लढ्यानेच दिली. लढा हरला, धरण झाले, खोऱ्याचा तळ पाण्याखाली गेला. मुंबईला वीज मिळाली आणि मावळातल्या माणसाला पाण्याला वळसा घालून जाणारा रस्ता मिळाला. अशा रस्त्यावर ज्याच्या दारात स्वतःचे वाहन नाही, त्याला जगाशी जोडणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे गाडी.

शिबिरातल्या सहा सकाळी मी त्या थांब्यावर काढल्या. गाडीची वेळ साडेसहाची. पहिल्या दिवशी ती साडेसहाला पाच मिनिटे असतानाच येऊन गेली, आणि नेहमीच्या वेळी आलेली दोन माणसे धुळीकडे बघत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पावणेसातला आली. तिसऱ्या दिवशी साडेसहाला अगदी ठोक्यावर आली. त्या दिवशी थांब्यावर दोनच माणसे होती. चौथ्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी आली. पाचव्या दिवशी आलीच नाही. सहाव्या दिवशी सहा पस्तीसला आली. ही तऱ्हा कोरड्या डिसेंबराची.

थांब्यावर काही ओळखी झाल्या. वालाच्या शेंगांची पाटी घेऊन पौडाला निघालेली एक आजी होती, पिरंगुटच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारा एक तरुण होता, नव्या तांदळाचे गाठोडे लेकीकडे पोचवायला निघालेले एक बाबा होते. गाडी आली नाही त्या दिवशी मी आजींना विचारले, 'आजी, रोज असंच चालतं का?'

आजी म्हणाल्या, 'गाडीचं काय सांगावं, मास्तर! बिबट्या बरा. तो येतो तेव्हा येतो; पण त्याच्यासाठी पाटी घेऊन कोण उभं ऱ्हात नाही.'

कारखान्यातला तरुण चौथ्या दिवशी शेवटचा दिसला. अर्धा तास उशीर म्हणजे अर्ध्या दिवसाचा पगार कापतात, असे त्याने सांगितले होते. सहाव्या दिवशी तो मोटारसायकलवरून गेला. नंबराची पाटी अजून लागायची होती. मला ओळखून त्याने हात केला. थांब्यावरच्या आजींनीही त्याला हात केला. त्या साध्या दृश्यात काय घडून गेले, हे मला त्या वेळी उमगले नाही.

ते उमगले परत आल्यावर, आमच्या प्राध्यापक-कक्षात. संख्याशास्त्राचे एक सहकारी माझ्या शेजारी बसतात. मी त्यांना माझी सहा दिवसांची टाचणे दाखवली आणि म्हणालो, 'सरासरी काढली तर गाडीला फार उशीर नाही हो. मग लोक एवढे का कावतात?'

ते हसले. 'अहो, सरासरीत कोणी प्रवास करीत नाही,' ते म्हणाले, आणि कागद ओढून त्यांनी मला शहरातल्या गाडीचे एक गणित घातले. ते इतके सोपे होते की मराठीच्या माणसालाही समजले. म्हणून इथे देतो.

समजा, एका रस्त्यावर तासाला दोन गाड्या आहेत. त्या बरोबर अर्ध्या अर्ध्या तासाने आल्या, तर केव्हाही थांब्यावर आलेल्या माणसाला सरासरीने १५ मिनिटे थांबावे लागते. आता त्याच दोन गाड्या येऊ द्या, पण अशा की एकीनंतर दुसरी १० मिनिटांनी, आणि तिच्यानंतरची ५० मिनिटांनी. तासाला गाड्या दोनच, अंतराची सरासरी तीच अर्ध्या तासाची. पण माणूस थांब्यावर येतो तो बहुधा त्या ५० मिनिटांच्या मोठ्या खिंडीत सापडतो, कारण खिंडच मोठी! सहांतून पाच वेळा तो तिथे सापडेल आणि सरासरीने २५ मिनिटे थांबेल. सहांतून एकदाच लहान फटीत सापडेल आणि ५ मिनिटांत सुटेल. दोन्ही मिळून सरासरी झाली सुमारे २२ मिनिटे. गाडी एकही कमी झाली नाही, डिझेलचा थेंब वाचला नाही, आणि प्रवाशाची सात मिनिटे मात्र गेली. कार्यालयातल्या कागदावर फेऱ्या पुऱ्या. थांब्यावर पाय दुखून आलेले.

'आणि ती सात मिनिटे साधी नव्हेत,' सहकारी म्हणाले. वाहतुकीचा अभ्यास करणारे लोक थांब्यावरचे एक मिनिट गाडीतल्या जवळजवळ दोन मिनिटांच्या बरोबरीचे धरतात. गाडीत बसलेला माणूस कुठे तरी जात असतो. थांब्यावरचा माणूस कुठेच जात नसतो. भर पावसात, अंधारात, कडेवर मूल घेऊन उभ्या असलेल्या बाईचे मिनिट केवढे असेल, ते तिलाच विचारावे.

मग त्यांनी मला आणखी एक गंमत सांगितली. तासभर गाडी येत नाही आणि मग एकीच्या पाठीला पाठ लावून दोन येतात, हा अनुभव आपल्या सर्वांचा आहे. आपण म्हणतो, चालक-वाहक नाक्यावर गप्पा मारीत बसले असतील. पण नेवेल आणि पॉट्स या दोघा अभ्यासकांनी १९६४ सालीच दाखवून दिले की, यात कोणाची लबाडी लागत नाही. गाडीला दोन मिनिटे उशीर झाला की पुढच्या थांब्यावर दोन मिनिटांची जास्त माणसे जमतात. त्यांना चढवण्यात आणखी उशीर होतो. म्हणून त्यापुढच्या थांब्यावर आणखी माणसे. मागच्या गाडीला मात्र थांब्यावर कोणीच उरत नाही. ती हलकी होऊन पळत येते आणि पुढचीला गाठते. म्हणजे उशिराने गर्दी होते आणि गर्दीने उशीर होतो. पहिल्या गाडीत श्वास घ्यायला जागा नाही आणि दुसरीत वाहक एकटाच, हे कोडे अशा रीतीने सुटते.

मी म्हणालो, 'हे शहराचे झाले. ताम्हिणीला दुसरी गाडी दुपारी आहे.'

'तिथे तर प्रकरण अधिकच नाजूक,' ते म्हणाले.

आणि ते खरेच आहे. दहा-बारा मिनिटांनी गाडी असली तर माणूस घड्याळ न पाहता घराबाहेर पडतो. जिथे गाडी सकाळी एक आणि दुपारी एक, तिथे तो वेळ पाहून येतो. तिथे गाडी चुकली म्हणजे मिनिटे जात नाहीत, दिवस जातो. म्हणून गाडी उशिरा येण्यापेक्षाही वाईट गोष्ट म्हणजे ती वेळेआधी जाणे. उशिरा आलेली गाडी निदान येते तरी. वेळेआधी गेलेली गाडी त्या माणसापुरती रद्दच झाली. एकदा असे घडले की तो माणूस पुढे रोज वीस मिनिटे आधी येऊन उभा राहतो. गाडी पाच मिनिटे आधी एकदाच गेली. पण थांब्यावरच्या माणसांची वीस मिनिटे मात्र वर्षभर रोज जातात. ही पट्टी कोणाच्याच वहीत मांडली जात नाही.

आता मोटारसायकलवरच्या त्या तरुणाकडे येतो. समजा, एका फेरीला चाळीस नेहमीचे प्रवासी आहेत. गाडी आठवड्यातून दोनदा दगा देऊ लागली. आधी कोण जातो? ज्याला वेळ पाळलीच पाहिजे आणि ज्याच्या हाती चार पैसे आहेत, तो. पाळीचा कामगार जातो, दूधवाला जातो, शिक्षक जातो. त्यांनी गाडी घेतली ती हप्त्यांवर, आणि हप्ते दोनतीन वर्षांचे. उद्यापासून साडेसहाची गाडी घड्याळासारखी धावू लागली, तरी हप्ते फिटेपर्यंत तो काही परत यायचा नाही. आणि फिटल्यावर तर मुळीच नाही. प्रवासी तुटतो तो एका आठवड्यात, आणि जोडायचा म्हटला तर वर्षे लागतात. मागे उरतात ते म्हातारे, बायका आणि शाळा-महाविद्यालयांतली मुले. म्हणजे बरेचसे सवलतीच्या तिकिटाचे आणि पासाचे प्रवासी. पेटीतली रोकड आटते.

एसटीच्या भाषेत 'भारमान' असा एक नेटका शब्द आहे. गाडीत जेवढी माणसे बसू शकतात, त्यांपैकी प्रत्यक्षात किती बसली, त्याचे प्रमाण. कोणत्याही वाहतूक संस्थेच्या कचेरीत शेवटी याच आकड्याकडे पाहून फेरीचे भवितव्य ठरते. आकडा घसरला की शेरा पडतो: प्रवासी नाहीत. फेरी कमी करा. फेरी कमी झाली की उरलेल्यांपैकी आणखी चौघे जीप शोधतात, आणि पुढच्या वर्षी आकडा आणखी घसरतो. प्रवासी नाहीत म्हणून गाडी गेली, असे कागद सांगतो. गाडीचा भरवसा नाही म्हणून प्रवासी गेले, असे थांबा सांगतो. दोघेही खरेच बोलतात. फक्त आधी काय घडले, एवढे कागदाला दिसत नाही.

हे रहाट उलटेही फिरते, हे सांगितले नाही तर मी निराशेचा प्रचार केल्यासारखे होईल. हर्बर्ट मोहरिंग नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७२ साली असे मांडले की, प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात, फेऱ्या वाढल्या की प्रत्येकाचे थांबणे कमी होते, आणि थांबणे कमी झाले की आणखी प्रवासी येतात. पंगतीत पान वाढले की दुसऱ्याच्या पानातले कमी होते. गाडीत मात्र प्रवासी वाढला की दुसऱ्याचा फायदा होतो. दुकानदारीच्या जगात असा धंदा विरळाच.

आणि आपल्या एसटीइतका मोठा धडा याबाबतीत दुसऱ्या कोणी दिला असेल असे मला वाटत नाही. १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, यांच्या दरम्यान पहिली गाडी धावली. पुढे 'गाव तिथे एसटी' हे ब्रीद घेऊन ती अशा अशा गावी गेली की जिथे टपालाशिवाय दुसरे काही जात नव्हते. २०२० च्या आधी ती रोज साठ लाखांहून अधिक माणसे वाहत होती. मग करोना आला, आणि तो ओसरतो न ओसरतो तोच २०२१ च्या दिवाळीच्या तोंडाशी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. पगाराच्या आणि भवितव्याच्या चिंतेने गांजलेल्या माणसांचा तो संप २०२२ च्या एप्रिलात मिटला. गाड्या आगारांतून निघाल्या. पण सगळे प्रवासी काही लगोलग थांब्यावर परत उभे राहिले नाहीत. पाचसहा महिन्यांत लोकांनी दुसऱ्या वाटा शोधल्या होत्या. मग ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट झाला, १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मे तिकीट झाले, आणि गाड्या पुन्हा भरू लागल्या. पाटी घेऊन उभ्या असलेल्या त्या आजींना ही सवलत म्हणजे मोठाच आधार आहे. परंतु निम्मे तिकीट हे आलेल्या गाडीचे असते. न आलेल्या गाडीचे तिकीट फुकट दिले, तरी त्याने पौड गाठता येत नाही.

लहानपणी आमच्या गावी मुक्कामाची गाडी येत असे. रात्री नऊला देवळापाशी येऊन थांबायची. चालक आणि वाहक देवळाच्या ओसरीवर पथारी टाकायचे. कोणाच्या घरून भाकरी जायची, कोणाच्या घरून कालवण. पहाटे साडेपाचला गाडी घरघरू लागली की माझी आजी चुलीवर चहाचे आधण ठेवीत असे. आमच्या घरातले घड्याळ चालत नव्हते, पण त्यामुळे कोणाचे कधी अडले नाही. ती गाडी वेळेवर कशी निघायची, याचे मला तेव्हा नवल वाटत नसे. आज विचार केल्यावर कारण कळते: ती गावातच होती! लांबून येणारी गाडी वाटेतला सारा उशीर गोळा करून आणते. मुक्कामाच्या गाडीजवळ गोळा केलेला उशीरच नसतो. शिवाय चालकाला ठाऊक असते की, अमक्याची मुलगी परीक्षेला निघाली आहे, तमक्याचा बाप दवाखान्यात आहे. रात्री ज्याच्या घरची भाकरी खाल्ली, त्याला सकाळी टाकून कोण जाईल?

असल्या आठवणी सांगितल्या की, 'सर, ते दिवस गेले,' असे विद्यार्थी म्हणतात. म्हणून एका परक्या देशाचा दाखला देतो. स्वित्झर्लंड हा सगळा डोंगरांचा मुलूख. चारदोनशे वस्तीच्या खेड्यांना तिथे टपालखात्याच्या पिवळ्या गाड्या जातात. वळणावर त्यांचा तीन सुरांचा भोंगा वाजतो. १९८२ साली त्या देशाने आगगाड्यांचे वेळापत्रक असे बांधले की गाडी दर तासाला, त्याच त्या मिनिटाला यावी आणि पुढच्या गाडीशी तिची गाठ पडावी. वेग वाढवण्यापेक्षा वेळ ठरवून टाकण्यावर त्यांनी भर दिला. माणसाला गाडी पाठ झाली. पाठ झालेल्या गाडीवर माणूस विसंबतो, आणि विसंबला की मोटार घरी ठेवतो. त्यांचा पैसा आपल्यापाशी नाही, हे मला कबूल आहे. पण घाटात पावसाळ्यात दहा मिनिटे जास्त लागतात हे मान्य करून जून ते सप्टेंबर दहा मिनिटांचे वेगळे वेळापत्रक लावायला, नेमलेल्या वेळेआधी थांबा न सोडायला, आणि फेरी रद्द झाली तर थांब्यावरच्या कोणा दुकानदाराला फोन करून तसे कळवायला किती पैसा लागतो?

शिबिराच्या शेवटच्या संध्याकाळी मी त्या मुलीच्या घरी गेलो. घर रस्त्यापासून आत, वाडीवर. मुलगी भांडी घासत होती. मला पाहून गडबडून आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. वडील भात झोडून नुकतेच मोकळे झाले होते. मी हजेरीचा, परीक्षेचा विषय काढला. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, 'पोरीचं मन होतं, सर. पर सकाळी अंधारात थांब्यावर तिला एकटी कशी ठेवू? मी सोबत यायचो. गाडी यायची तवा यायची. तिची गाडी येईस्तोवर माझ्या कामाचा खाडा व्हायचा. गाडी साडेसहाला हाय म्हना, सातला हाय म्हना, आमी कायबी म्हननार न्हाई. पर काय ते एक नक्की म्हना.'

आपण बारा वर्षे ज्यावर भाषणे करतो, ते कधी कधी कोणी अंगणात उभ्याउभ्या सांगून टाकतो. प्रवासी वेगाचा भुकेला नाही, गादीच्या बाकाचाही नाही. त्याला हवा असतो शब्द. त्या शब्दावर त्याने कारखान्याला शब्द दिलेला असतो, बाजाराला दिलेला असतो, मुलीला दिलेला असतो. पहिला शब्द मोडला की मागचे सगळे मोडतात. मग माझ्यासारखा कोणी, वर्गात आठ वाजता कोरड्या पायांनी उभा राहून, ओळीत फुली मारतो आणि तिला मुलीचा आळस समजतो.

मुलगी दाराआडून ऐकत होती. मी तिला म्हणालो, 'त्या दिवशी मी वर्गात बोललो ते चुकलंच.' ती काही बोलली नाही. निघताना मात्र तिने विचारले, 'सर, बहिःस्थ परीक्षेला बसता येतं का?' तो अर्ज मी भरून आणला. ती घरी अभ्यास करते, महिन्यातून एकदा टाचणे न्यायला येते. पण वर्गातली तिची जागा मोकळी राहिली ती राहिलीच. तिच्या धाकट्या भावाने यंदा दहावी दिली. त्याला आमच्याकडे अकरावीत पाठवणार का, असे मी विचारले, तेव्हा वडील म्हणाले, 'बघू, गाडीचं काय हुतंय ते.'

मी आता हजेरी तासाच्या सुरुवातीला घेत नाही, शेवटी घेतो. प्राचार्यांनी कारण विचारले, तेव्हा मी म्हणालो, मराठी अर्धवट झोपेत कळत असली, तरी विद्यार्थी आधी वर्गात यावे लागतात. त्यांना ते पटले. एवढ्याने ताम्हिणीचा प्रश्न सुटत नाही, हे मी जाणतो. माझ्या हातात पट होता, तेवढा मी नीट केला. ज्यांच्या हातात वेळापत्रक आहे, त्यांनी ते नीट करावे.

यंदाच्या जुलैतली गोष्ट. बाहेर पाऊस कोसळत होता. आठाला दोन मिनिटे कमी असताना घाटाकडची तीन मुले धावत वर्गात शिरली, आणि त्यांतला एकजण दारातूनच ओरडला, 'सर, आज गाडी वेळेवर आली!' सबंध वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. वाजवताना मनात आले, गाडी वेळेवर आली याच्या टाळ्या वाजवाव्या लागतात, ही काही चांगली गोष्ट नव्हे.

दिवाळी आली आहे. भाऊबीजेला थांब्याथांब्यांवर माणसे उभी राहतील. कोणाच्या हातात फराळाचा डबा, कोणाच्या हातात नवे लुगडे. घरी पाटाभोवती रांगोळी काढून कोणी तरी रस्त्याकडे कान लावून बसलेले असेल. त्या सगळ्यांची गाडी वेळेवर येवो. आणि पुढच्या वर्षी आमच्या वर्गात तिच्यासाठी कोणी टाळ्या न वाजवोत.